मधल्या दाराची कडी

४ जानेवारी

ती. वन्सं,

त्या सकाळी मी खळ शिजवत होते. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवला होता, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचुदाची चिमूट टाकली होती, आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून पातेल्याशी उभी राहून ढवळत होते. हे अंगणातल्या शेडमध्ये पुठ्ठे कापत होते. खळ निवायला ठेवून मी शेड झाडली, कात्रणं पोत्यात भरली, शिवणीच्या दोऱ्याला मेण ओढून ठेवलं. शिवून झालेल्या पुस्तकांच्या पाठीला यांनी खळ लावली, ती पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घातली, दोन्ही हातांनी चाक आवळलं आणि म्हणाले, "आज हात लावू नकोस. उद्या काढू." मग हात धुऊन पायरीवर चहा प्यायला बसले. आमची रोजची सकाळ अशीच असायची. त्या दुपारी ते गेले, म्हणून ही एक लक्षात राहिली.

शिकंजा अजून तसाच आवळलेला आहे. मी त्यावर जुनी चादर टाकली आहे. आठवड्यातून एकदा भोवतीची धूळ पुसते, चाकाला हात लावत नाही. आत कोणाची पुस्तकं आहेत ते पाहिलेलं नाही. कोणी मागायलाही आलं नाही.

हे आज लिहायचं कारण, शिकंजा हलवायची वेळ आली आहे. तुमच्या भाच्याच्या मनात अंगणात माझ्यासाठी छोटं घर बांधायचं आहे. एक खोली, कोपऱ्यात ओटा, बाथरूम. मी तिथे राहायचं आणि पुढच्या घरात तो, सूनबाई आणि नात. त्यांची भाड्याची जागा आता पुरत नाही, सूनबाईला पुन्हा दिवस गेले आहेत. आणि मी एकटी आहे, हे दुसरं कारण. मागे गॅसवर दूध ठेवून मी वाचत बसले. पातेलं जळून काळं झालं, शेजारीण दार बडवत होती, मला काही ऐकू आलं नाही. शेजारणीने ते त्याला सांगितलं. माझ्या आधी सांगितलं.

तो ऑफिसात पाण्याच्या नळांचे नकाशे काढतो हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या घराचाही नकाशा काढून घेऊन आला. गरम पाण्याची नळी लाल, गार पाण्याची निळी, सांडपाण्याची हिरवी. पाणी कुठून येणार, कुठे जाणार, सगळं दाखवलं आहे. शेड होती तिथे शेड नाही. मी विचारलं, "माझी खुर्ची कुठाय?"

"आई, खुर्ची नकाशात दाखवत नाहीत. ती कुठेही ठेवता येते."

"मग मलाही कुठेही ठेवता येईल," मी म्हटलं. सूनबाई हसली. तो नाही हसला.

मुलगा वाईट नाही, वन्सं. सूनही नाही. पण मी माझ्याच घराच्या मागे राहायला जाणार, हे घशाखाली उतरत नाही. तुम्ही मुलाच्या घरामागे अशाच खोलीत राहता, तेव्हा खरं काय ते तुमच्याशिवाय मला कोण सांगणार? हेसुद्धा पुठ्ठ्यावरचा कागद बदलायचा तरी 'ताईला विचारतो' म्हणायचे. तर सांगा. तुमच्याकडे ऊन येतं का? स्वयंपाक तुमचा तुम्ही करता, की ताट येतं? नातवंडं येतात, की बोलवावी लागतात? आणि मुख्य म्हणजे तुमच्या खोलीतून मुलाच्या घरात जायला जे मधलं दार आहे, त्याची कडी कोणत्या बाजूला आहे? आमच्या नकाशात मधलं दार आहे, कडी नाही. तीही कुठेही ठेवता येत असेल.

फोन करू नका. फोनवर तुमचं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते.

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

'खरं काय ते तुमच्याशिवाय कोण सांगणार' असं लिहून तू मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंस. चढले. आता वरून सांगते ते ऐक.

बांध.

इथे सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. मी पहाटे उठून रेडिओ लावला तरी कोणाची झोप मोडत नाही, आणि कोणी 'एवढ्या लवकर?' म्हणत नाही. चहात साखर किती घालायची हे या वयात पहिल्यांदा माझं मी ठरवते आहे. शाळेत पन्नास पोरांना गप्प बसवलं, पण घरात कधी माझ्या मर्जीने दिवा मालवला नव्हता. आता मालवते. कधीकधी मालवतही नाही.

सकाळचं मी करते. दुपारचं ताट पुढच्या घरातून येतं. सून झाकून आणते, उंबऱ्याशी ठेवते, "आई, ताट" म्हणते आणि वळते. भाजीत मीठ असतं किंवा नसतं, मधलं काही तिला ठाऊक नाही. बोलून काही उपयोग नाही. नातवंडं चॉकलेट असलं की येतात. नसलं की त्यांना अभ्यास असतो. आपली मुलं काय निराळी होती?

तुझ्या घरासाठी चार गोष्टी लक्षात ठेव. पलंगाशेजारी हाताला येईल अशी फळी ठोकून घे. बाथरूमची फरशी खरबरीत घे, गुळगुळीत दिसायला छान असते तेवढंच. दिव्याचं बटण दाराशी एक आणि पलंगाशी एक. आणि खिडकी अशी हवी की बसल्या जागी फाटकातून कोण आलं ते दिसेल. म्हातारीला टीव्ही लागत नाही, फाटक लागतं.

शेडचं म्हणशील, तर धाकटा त्या लोखंडात बसलेला नाही. मला माझा भाऊ आठवायला शिकंजा लागत नाही. तुलाही लागू नये. पण घाईही करू नकोस. भंगारवाल्याला हाक मारशील त्याआधी आत काय आहे ते एकदा बघ. लोकांची पुस्तकं असतात.

शब्दकोड्यात एक शब्द अडला आहे. तीन अक्षरी, 'पडू नये म्हणून लावलेला आधार', शेवटी ण. सध्या घरात कोश नाही, म्हणून तुला विचारते. तू वाचतेस पुष्कळ.

बांध म्हणते मी.

तुझी,
वन्सं


२ फेब्रुवारी

ती. वन्सं,

टेकण. टेकू म्हणतात तेच. पण शिक्षिकेच्या घरात कोश नाही, हे काय ऐकते मी? लोहाराच्या घरी विळा नसावा तसं झालं. की सुनेने माळ्यावर टाकला?

तुमचं पत्र वाचून धीर आला. दोन बटणांचं आणि फाटकाचं मी नकाशावर पेन्सिलीने लिहिलं. तुमच्या भाच्याने ते खोडरबराने पुसलं, आणि मग मुकाट्याने शाईने काढलं. खिडकी मिळाली.

गवंडी येऊन गेला. टेप लावून अंगण मोजलं, शेडमध्ये शिरला, चादर उचलायला गेला. मी म्हटलं, "ती राहू द्या." तो म्हणाला, "बाई, पाडायला एक दिवस लागेल. पण हे लोखंड आधी उचला, ते आमच्याने व्हायचं नाही." मी 'बघू' म्हटलं. दारात सूनबाई उभी होती. तो गेल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, "आई, मला पुढचं घर नको हो. मला कपडे वाळत घालायला जागा हवी आहे आणि रडायला एक दार हवं आहे. तिथे एकाच खोलीत सगळे असतो." मी म्हटलं, "दोरी आजच बांधू अंगणात." बांधली. आता रविवारी तिचे कपडे इथे वाळतात.

आता तुमच्याशी एक भांडण. मी वाचायला कशी शिकले ते तुम्हाला माहीत आहे. छापखान्यातून छापील कागदांचे मोठमोठे फर्मे घडी घालायला यायचे आणि मी घड्या घालताना अक्षरं लावायची. सपाट फर्म्यावर पान एकच्या शेजारी पान सोळा असतं. पुष्कळ दिवस मला वाटायचं गोष्टी अशाच उड्या मारतात, आत्ता लग्न, लगेच म्हातारपण. यांना सांगितलं तर पोट धरधरून हसले, मग घडी घालून दाखवली. तेव्हापासून सवय लागली. पुस्तक हातात आलं की वाचायच्या आधी सगळे फर्मे आहेत ना ते बघायचं, कारण एखादा गळाला तर वाचणाऱ्याला गोष्ट कळत नाही आणि शिव्या बांधणाऱ्याला बसतात.

तुमचं पत्र तसंच बघितलं. उन्हाचं उत्तर आहे, ताटाचं आहे, नातवंडांचं आहे. कडीचं नाही. एक फर्मा गळाला आहे.

मधल्या दाराची कडी कोणत्या बाजूला आहे, वन्सं?

तुमची,
वहिनी


२६ फेब्रुवारी

ती. वन्सं,

उत्तर नाही. तुम्ही कधी एवढे दिवस लावत नाही. विषय टाळायचा असला की तुम्ही गप्प बसता, हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे. तेव्हा मला कळायचं ते कळलं.

कडी त्यांच्या बाजूला आहे.

तुमचं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. सून ताट उंबऱ्याशी ठेवते आणि वळते, म्हणजे आत पाऊल टाकत नाही. दारातूनच माघारी फिरते. भाजीत मीठ आहे की नाही हे तुम्ही बोलत नाही, म्हणजे बोलायची सोय राहिलेली नाही. साखर आपल्या मर्जीने घालता हे एवढं कौतुकाने सांगितलंत, तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं की बाकी काही मर्जीने होत नाही. जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना सरळ केलंत, आणि आता सुनेने बाहेरून कडी घातली तर ब्र काढत नाही! एवढी कसली ती सून? ताट ठेवायची तिची रीत तर एखाद्याने मांजराला दूध ठेवावं तशी दिसते. तिला सांगा, तीही म्हातारी होणार आहे.

तुम्ही इकडे निघून या. यांची बहीण कोणाच्या कडीमागे बसलेली मला चालणार नाही. घर मोठं नाही, पण आपण दोघी मावू. भांडू, पण एका दाराच्या आत भांडू.

मी तुमच्या भाच्याला काल सांगून टाकलं, बांधायचं नाही. तो म्हणाला, "आई, निदान कारण तरी सांग." मी म्हटलं, "तुझ्या आत्याला विचार." नकाशा गुंडाळून घेऊन गेला. सूनबाई दोरीवरचे कपडे काढत होती. ओलेच कपडे घेऊन गेली.

शेड आहे तशी आहे.

तुमची,
वहिनी


९ मार्च

(मामी, नमस्कार. हे पत्र मी लिहिते आहे, म्हणजे तुमच्या वन्संची सून. आई सांगताहेत आणि मी उतरवते आहे. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही अशी ताकीद आहे. कंसातलं तेवढं माझं.)

वहिनी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. माझा चष्मा फुटला आहे आणि उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे तू माझ्या सुनेला काय काय म्हटलंस ते मला माझ्या सुनेच्याच तोंडून ऐकावं लागलं. मी 'पुरे, ठेव ते पत्र' म्हटलं, पण ती थांबली नाही. (पत्र अर्धं वाचून ठेवू नये असं आईंनीच शिकवलं आहे. मांजराला दूध इथवर माझा आवाज नीट होता, मामी. पुढे जरा पाणी प्यावं लागलं.)

झालं ते सांगते. मी बाथरूममध्ये पडले. फरशी गुळगुळीत आहे, तुला उगाच नव्हतं लिहिलं. सकाळी पडले आणि सापडले दुपारी. कारण ती कडी. ती माझ्या बाजूला होती, आणि मी ती दिवसरात्र लावून ठेवायची.

सून ताट घेऊन आली, "आई, ताट" म्हणाली. मी ओ दिली पण तिच्यापर्यंत पोचली नाही. तिला वाटलं मी रुसले आहे. (आदल्या दिवशी कडीवरूनच वाजलं होतं. हे म्हणत होते, आई, कडी काढू या. आई म्हणाल्या, मग मलाच काढा. म्हणून मी ताट ठेवून गेले. आत पाऊल टाकत नाही म्हणता, मामी, पण दार आतून बंद असल्यावर पाऊल कुठे टाकू? ताट तसंच झाकलेलं दिसलं तेव्हा यांना बोलावलं आणि यांनी दार फोडलं.)

तुला कडीचं उत्तर का दिलं नाही? तू विचारलंस तेव्हा घरातले सगळे त्यावरून माझ्या मागे लागले होते. तूही लागली असतीस. आधी बापाचं दार, मग सासऱ्याचं, मग नवऱ्याचं. उभ्या जन्मात माझ्या बाजूला आलेली ती पहिली कडी. ती लावून मी तासन्‌तास नुसती बसायची. काय करायची विचारशील, तर काही नाही. ते तुला पत्रात कसं लिहिणार? आणि खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून वगळलं. वगळलेलंही तू मोजशील हे लक्षात आलं नाही.

आता तिथे दारच नाही. पडदा आहे. (निळा. त्यांनीच निवडला.) सून दिवसातून दहा वेळा त्यातून डोकं घालते आणि "आई, आहात ना?" विचारते. असते. जाणार कुठे? (आई रात्री घोरतात ते आता आम्हाला ऐकू येतं. त्याशिवाय यांना झोप येत नाही.) भाजीत मीठ अजून तसंच आहे. (हे लिहायलाच हवं का विचारलं, तर हो म्हणाल्या.)

आणि तू म्हणतेस 'इकडे निघून या'. घर बांधणार नाहीस, मग मी येऊन राहू कुठे? शिकंज्यात?

ऐक. बांधायचं नसलं तर नको बांधूस. पण माझ्या कडीवरून नाही म्हणू नकोस. ती कडी माझी होती, तिचं दुखणंही माझं. तुझं नाही तुझ्या स्वतःच्या कारणाने असू दे, आणि ते कारण पोराला तोंडाने सांग. त्या बिचाऱ्याने मला पत्र लिहून विचारलं, 'आत्या, तू आईला काय सांगितलंस?' मी काय डोंबल सांगितलं होतं? बांध म्हटलं होतं.

(आईंचा डोळा लागला आहे, म्हणून चार ओळी माझ्या मनाने. मामी, तो कोश तुमच्याकडे आहे. मामांकडे बांधायला दिला होता, तुमचा मुलगा इथून जाताना घेऊन गेला होता. पाठ पार सुटली होती. मग मामा गेले. मी दोनदा म्हटलं, मामींना विचारू या. आई म्हणाल्या, "ती जेव्हा काढेल तेव्हा काढेल. तिच्या हाताआधी आपला हात घालायचा नाही." मी नवीन आणते म्हटलं तर तोही नको. शब्द अडला की शेजारी विचारतात, दुकानदाराला विचारतात, पण नवीन कोश नको. मी हे लिहिलं ते त्यांना सांगू नका. की सांगा, तुम्हाला योग्य वाटेल तसं. दुधाचं राहू द्या, माझा राग गेला आहे.)


१६ मार्च

ती. वन्सं,

हे पत्र तुमची सूनच वाचून दाखवणार, तेव्हा आधी चार शब्द तिला. बाई गं, मी तुला पाहिलेलं नाही असं नाही, पण पाहूनही ओळखलं नाही. फोनवर अर्धं ऐकून उरलेलं मनाने भरते अशी माझी तक्रार होती. पत्रातही तेच केलं, आणि सगळं तुझ्या नावावर भरलं. चुकलं. तुझ्या कंसातलं सगळं मी दोनदा वाचलं. हे मोठ्याने वाच, तुझ्या सासूलाही ऐकू दे.

आता वन्सं, तुम्हाला. तुमचं पत्र आलं तेव्हा सूनबाई अंगणात होती. ती पुन्हा कपडे घेऊन यायला लागली आहे, मी बोलवून आणलं. मी तिला म्हटलं, "जरा हात लाव." दोघींनी चादर काढली. चाक गंजलं होतं, हलेना. शिवणयंत्राचं तेल सोडलं, चहा केला, प्यायलो, परत गेलो. मी एकीकडून धरलं, तिला पोट सांभाळून उभं राहायला सांगितलं आणि दुसरी बाजू नुसती धरायला लावली. यांचा जोर किती होता ते मला इतक्या वर्षांनी कळलं. एकदा कुरकुरलं आणि सुटलं.

वर कुठल्याशा शाळेची हजेरीपुस्तकं होती. ती शाळेत पोचवेन. सगळ्यात खाली, दोन फळ्यांमध्ये, तुमचा कोश. पाठ सुरीसारखी सरळ. शिवण पक्की. कसर नाही, बुरशी नाही. मोरचूद बरोबर पडला होता. मी फर्मे पाहिले, सगळे आहेत. पुठ्ठे तेवढे लावायचे राहिले होते, ते बाजूला कापून ठेवलेले होते, त्याच सकाळचे. मी खाली बसले. सूनबाईने चादर झटकली, घडी केली आणि माझ्याशेजारी बसली. मला ऐकू येत नाही याचा एक फायदा असतो, गप्प बसलेलं माणूस आणि बोलणारं माणूस सारखंच जवळचं वाटतं.

संध्याकाळी तुमच्या भाच्याला बोलावलं आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे तोंडाने सांगितलं. म्हटलं, "आत्याची कडी माझ्या नाही म्हणण्याचं कारण नव्हती. मला तो शिकंजा उघडायचा नव्हता, म्हणून मी आत्याची कडी पुढे केली." तो नकाशाच्या गुंडाळीशी खेळत म्हणाला, "आई, बाबांची शेड पाडायचा नकाशा काढताना मलाही तीन कागद फाडावे लागले. तुला सांगणार कसं?"

तेव्हा मग आम्ही तिघांनी बसून नवा नकाशा काढला. शेड पाडायची नाही. तिच्याच भिंती धरून खोली करायची, बाथरूम तेवढं नवीन. फरशी खरबरीत. फाटक दिसेल अशी खिडकी. शिकंजा हलणार नाही, तो भिंतीशीच राहील आणि त्यावर फळी टाकली की माझं टेबल होईल. तुमच्या भाच्याने त्याच्यापुढे एक छोटा चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, खुर्ची. म्हणाला, साहेबांनी बघितलं तर हसतील.

मधल्या दाराला कडी नाही. आतून लाकडी खिटी असेल, माझ्या बाजूला. तिला शिवणीचा मेण लावलेला दोरा बांधायचा, दाराला बारीक भोक पाडून दोऱ्याचं टोक पलीकडे सोडायचं. मला वाटेल तेव्हा मी खिटी लावेन. त्यांना वाटेल तेव्हा ते दोरा ओढून खिटी उघडतील. तुमचा भाचा म्हणाला, "आई, हे फार गावठी दिसेल." मी म्हटलं, "नकाशात दाखवू नकोस." यावर मात्र तो हसला. पडद्याला कंटाळलात तर तुमच्या मुलालाही सांगा. मेण लावलेला दोरा मी पाठवते, माझ्याकडे रिळं आहेत.

एक पलंग जास्तीचा बसतो, मी मोजून घेतलं आहे. हात बरा झाला की या, राहायला नाही तर भांडायला. येताना अडलेली शब्दकोडी घेऊन या.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र पाकिटात न घालता तसंच ठेवलं होतं, कोशाबरोबर पाठवावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून खळ शिजवली, ती निवू दिली, आणि यांनी कापून ठेवलेले पुठ्ठे कोशाला लावले.